क्रियाविशेषणांचा ऑनलाइन कोर्स: पहिले सात धडे सोनं, पुढचे जेमतेम

इंग्लिशमधल्या ॲडव्हर्बवर, म्हणजे आपल्या क्रियाविशेषणांवर, अख्खा वेगळा कोर्स कशाला हवा असं मलाही आधी वाटलेलं. शाळेत कसं होतं, एका तासात व्याख्या, खाली एलवाय लागणाऱ्या शब्दांची यादी, दोन-चार गाळलेल्या जागा आणि पुढच्या तासाला प्रीपोझिशन सुरू. तरी मी हा बारा धड्यांचा रेकॉर्डेड कोर्स घेतला, दोन महिने रोज रात्री अर्धा तास बसून पूर्ण केला, आणि आता सविस्तर लिहितेय कारण घ्यायच्या आधी मी शोधलं तेव्हा मराठीत कोणी नीट लिहिलेलं एकही मत सापडलं नाही, सगळीकडे नुसतं "मस्त कोर्स, खूप शिकायला मिळालं" एवढंच.

घ्यायचं कारण आधी सांगते. माझं काम दिवसभर क्लायंटांना इंग्लिशमधून मेल लिहायचं. एका क्लायंटकडून फाइल यायची होती, मला म्हणायचं होतं "तुमची फाइल अजून आली नाही", साधी आठवण, बाकी काही नाही. मी लिहिलं, "यू स्टिल हॅव नॉट सेंट द फाइल." व्याकरणात चूक नाही, स्पेलिंग बरोबर, कुठे लाल रेघ सुद्धा आली नाही. पण त्यांचं उत्तर आलं ते एकदम कोरडं, दोन ओळींचं, आणि दुसऱ्या दिवशी टीम लीडचा फोन, "अगं, त्यांच्याशी तुझं काही वाजलंय का?" मला कळेचना की मी नक्की काय केलं. तो मेल मी दहा वेळा वाचला असेल.

ते मला या कोर्सच्या तिसऱ्या धड्यात कळलं. धडा सुरू होतो तेव्हा फळ्यावर इंग्लिश काहीच नसतं, एकच मराठी शब्द असतो, "अजून". आणि शिकवणाऱ्या मॅडम विचारतात, याला इंग्लिशमध्ये काय म्हणाल? तो अजून झोपलाय, इथे स्टिल. तो अजून उठला नाही, इथे येट. अजून दोन कागद दे, इथे मोअर. आपल्याकडे एकच शब्द तिन्ही कामं गुपचूप करतो म्हणून आपल्याला त्यातला फरक जाणवतच नाही. आणि मग त्या पुढचं सांगतात जे मला कुठल्याच शाळेत कोणी सांगितलं नव्हतं, की नकारार्थी वाक्यात येट घातलं तर ती साधी माहिती होते, गोष्ट झालेली नाही पण होईल, आणि तिथेच स्टिल घातलं तर बोलणाऱ्याची चिडचिड आत शिरते, की एवढा वेळ गेला, व्हायला हवं होतं, तरी नाही झालं. म्हणजे मी त्या माणसाला "अजूनसुद्धा पाठवली नाहीत ना तुम्ही" असं सुनावून बसले होते. मी व्हिडिओ तिथेच थांबवला आणि जुना मेल उघडून पाहिला. त्या जागी "आय हॅव नॉट रिसीव्ड द फाइल येट" लिहिलं असतं तर काही झालं नसतं. फक्त स्टिलच्या जागी येट, आणि यू-सेंट च्या जागी आय-रिसीव्ड घेऊन.

या कोर्सचं सगळ्यात मोठं बळ हेच आहे. मराठी माणूस नेमका कुठे घसरतो तिथून तो सुरुवात करतो. दुसरा धडा असाच "हळू" आणि "जोरात" वर आहे. बाळ झोपलंय, हळू बोल, याचं आपण "स्पीक स्लोली" करतो, आणि समोरचा बिचारा एकेक शब्द सावकाश पण तेवढ्याच मोठ्या आवाजात बोलतो, कारण स्लोली म्हणजे वेग कमी, आवाज कमी करायचा तर सॉफ्टली किंवा क्वाएटली. जोरात पण तसंच, जोरात पळ म्हणजे फास्ट, जोरात बोल म्हणजे लाउडली, जोरात ढकल म्हणजे हार्ड. आणि "लवकर" तर विचारूच नका. लवकर येते असं म्हणताना मी कायम "आय विल कम अर्ली" म्हणायचे, आता अर्ली म्हणजे ठरलेल्या वेळेच्या आधी, सून म्हणजे थोड्या वेळात, क्विकली म्हणजे भराभर, तर ऐकणारा मी ठरलेल्या वेळेआधी येणार असं समजून बसणार आणि मी आपली थोड्या वेळाने उगवणार. हळूहळू म्हणायला "स्लोली स्लोली" म्हणणारे तर माझ्या ऑफिसात निम्मे लोक आहेत, शब्द दोनदा उच्चारून अर्थ तयार करायची सवय आपली, इंग्लिशमध्ये त्याला ग्रॅज्युअली किंवा लिटल बाय लिटल.

पहिला धडा गुड आणि वेल चा. मला वाटलं हे काय शिकायचं, हे तर येतं. पण त्यांनी कारण सांगितलं ते फार आवडलं. आपण म्हणतो तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते, ते चांगले खेळतात. म्हणजे कसं खेळतो ते सांगणारा शब्द आपल्याकडे चक्क विशेषणासारखा लिंग-वचनाप्रमाणे बदलतो, आणि "छान" तर छान मुलगी आणि छान गाते दोन्हीकडे जसाच्या तसा. मग आपल्या डोक्यात विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्यामध्ये भिंतच उभी राहत नाही आणि "शी सिंग्ज गुड" आपोआप बाहेर पडतं. नियम पाठ होता मला, कारण माहीत नव्हतं, आणि कारण कळल्यावर चूक खरंच कमी झाली.

त्याच धड्यात उलटी बाजू पण घेतलीय. सगळीकडे क्रियापदाच्या मागे एलवाय चिकटवत सुटू नका, कारण लुक, फील, स्मेल, साउंड अशी क्रियापदं कर्त्याची अवस्था सांगत असतील तर पुढे विशेषणच येतं. उदाहरण फार नेमकं होतं, "शी लुक्ड अँग्री" म्हणजे ती रागावलेली दिसली, आणि "शी लुक्ड अँग्रिली ॲट द डोअर" म्हणजे तिने रागाने दाराकडे पाहिलं. क्रियापद तेच, पण पहिल्यात ती दिसतेय आणि दुसऱ्यात ती बघतेय. मराठीत दिसणं आणि पाहणं ही दोन क्रियापदं आहेत म्हणून आपल्याला हे लगेच समजतं, फक्त कोणीतरी दाखवायला हवं.

चौथा धडा एलवाय कुठून आला यावर. परीक्षेला याचा उपयोग नाही पण मला हा सगळ्यात जास्त आवडला. जुन्या इंग्लिशमध्ये "लिक" असा शब्द होता, शरीर किंवा आकार अशा अर्थाचा, त्यावरून अमुक रूपाचा, अमुकसारखा असा प्रत्यय झाला आणि तो घासत घासत एलवाय उरला. आजचा लाइक हा शब्द पण त्याच घरातला. म्हणून तर फ्रेंडली, लोनली, कॉवर्डली ही एलवाय असूनही विशेषणं आहेत, मित्रासारखा, भित्र्यासारखा. माझा भाचा शेजारी बसून बघत होता, त्याने मला आदल्या दिवशीच विचारलं होतं, "मावशी, फ्रेंडलीला एलवाय आहे ना, मग ही टॉक्ड फ्रेंडली का चालत नाही?" आणि मी त्याला "नाही चालत, बस" असं उत्तर दिलं होतं, जे आपल्याला पण शाळेत मिळायचं. आता त्याला नीट सांगता आलं, की ते विशेषण आहे म्हणून "इन अ फ्रेंडली वे" असं फिरवून म्हणावं लागतं.

आणि फास्ट, हार्ड, लेट यांना एलवाय का नाही, याचंही उत्तर तिथेच. जुन्या इंग्लिशमध्ये विशेषणाला शेवटी नुसता एक ई लावून पण क्रियाविशेषण करायचे. पुढे तो ई उच्चारातून गळून पडला आणि दोन्ही रूपं सारखीच दिसायला लागली. म्हणजे ते नियम मोडणारे हट्टी शब्द नाहीत, जुन्या नियमाचे उरलेले लोक आहेत. मग नंतर त्यांच्यातल्या काहींना एलवायवाली जोडी पण मिळाली, पण अर्थ भलतीकडे गेला. ही वर्क्स हार्ड म्हणजे तो राबतो, ही हार्डली वर्क्स म्हणजे तो काम जवळपास करतच नाही. लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे अलीकडे. निअर म्हणजे जवळ, निअरली म्हणजे जवळजवळ, इथे मात्र मराठीची आणि इंग्लिशची वाट एकच निघाली याची मला गंमत वाटली. हार्डली मध्ये नकार आधीच बसलेला असतो म्हणून त्याच्याबरोबर नॉट नको हे पण इथेच सांगितलं, आणि नेव्हरचं सुद्धा. आपण म्हणतो मी कधीच उशिरा येत नाही, कधीच आणि नाही दोन्ही लागतात, म्हणून "आय नेव्हर डोन्ट कम लेट" असं होतं. मराठीत दोन नकार मिळून एक होतो, प्रमाण इंग्लिशमध्ये एकच पुरतो.

पाचवा आणि सहावा धडा जागेवर आहेत, म्हणजे वाक्यात ॲडव्हर्ब कुठे ठेवायचा. खरं तर हा कोर्स याच दोन धड्यांसाठी घ्यावा. स्क्रीनवर एक वाक्य येतं, प्रत्येक दोन शब्दांच्या मध्ये रिकामा चौकोन, आणि खाली एक शब्द असतो तो बोटाने उचलून कुठल्याही चौकोनात टाकायचा. टाकला की लगेच खाली मराठीत अर्थ बदललेला दिसतो. पहिला शब्द होता ओन्ली आणि वाक्य "आय कॉल्ड हर." सगळ्यात पुढे ठेवला, मीच फोन केला, दुसऱ्या कोणी नाही. कॉल्डच्या आधी ठेवला, फोनच केला, भेटायला गेले नाही. हर च्या आधी ठेवला, तिलाच केला, बाकी कोणाला नाही. मी पाच मिनिटं नुसता तो शब्द इकडून तिकडे सरकवत बसले होते, कारण डोळ्यासमोर आपला "च" सरकत होता! मी-च, फोन-च, तिला-च. हे तर आपल्याला लहानपणापासून येतं. फरक एवढाच की आपला च शब्दाच्या मागे चिकटतो आणि ओन्ली शब्दाच्या पुढे उभा राहतो, आणि म्हणूनच आपण "आय ॲम हिअर ओन्ली" म्हणतो, इथे-च चं सरळ भाषांतर, तिथे खरं तर राइट हिअर पाहिजे. बोलताना आवाजाचा जोर देऊन भागतं म्हणून गोरे लोक सुद्धा ओन्ली बऱ्याचदा क्रियापदाच्या आधीच टाकून मोकळे होतात, पण मेलमध्ये आवाज नसतो, तिथे जागाच सांभाळायला लागते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

प्रामाणिकपणे वरून आठवलं, ऑनेस्टलीचं उदाहरण. "ही डिड नॉट स्पीक ऑनेस्टली" म्हणजे तो खोटं बोलला. "ऑनेस्टली, ही डिड नॉट स्पीक" म्हणजे खरं सांगते, तो बोललाच नाही. शब्द तेच चार-पाच, एक उचलून पुढे ठेवला आणि एक स्वल्पविराम दिला की माणूस खोटारडा ठरायचा तो गप्प बसलेला ठरतो.

मग क्रम. मी आत्तापर्यंत "शी येस्टरडे इन द मीटिंग वेल स्पोक" छाप वाक्यं मनात तयार करून मग तोंडाने दुरुस्त करायचे. आपला क्रम बघा, काल मीटिंगमध्ये ती छान बोलली. आधी कधी, मग कुठे, मग कसं, शेवटी क्रियापद. इंग्लिश बरोब्बर उलटं, शी स्पोक वेल ॲट द मीटिंग येस्टरडे, आधी क्रियापद, मग कसं, मग कुठे, मग कधी. मॅडमनी दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि बाण काढले ते सगळे एकमेकांना छेदून गेले, जणू मध्ये आरसा धरलाय. तेव्हापासून मला क्रम आठवावा लागत नाही, मराठी वाक्य शेवटून वाचते. येस्टरडे सगळ्यात पुढे आणलं तरी चालतं हे पण सांगितलंय, वेळ सांगणारे शब्द दोन्ही टोकांना राहू शकतात. आणि एक गोष्ट पक्की, क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये घुसायचं नाही, "आय रेड स्लोली द लेटर" नाही, "आय रेड द लेटर स्लोली." ऑलवेज, ऑफन, नेव्हर हे मुख्य क्रियापदाच्या आधी पण ॲम, इज, आर च्या नंतर. हे तसं सगळीकडे मिळतं म्हणून जास्त लिहीत नाही.

सातवा धडा हार्डली वाक्याच्या सुरुवातीला आला की क्रम का उलटतो यावर, छोटा आहे पण चांगला, "हार्डली हॅड आय क्लोज्ड द डोअर व्हेन द फोन रँग", म्हणजे दार लावतेय न लावतेय तोच फोन वाजला. नो सूनर आलं तर पुढे व्हेन नाही, दॅन. ही "न लावतेय तोच" वाली मराठी घडण त्यांनी शेजारी ठेवली म्हणून ते वाक्य डोक्यात राहिलं, नाहीतर मी हे प्रकार दहावीला रट्टा मारून विसरलेली.

आता तक्रारी. आठव्या धड्यापासून कोर्स वेगळ्याच माणसाने बनवलाय असं वाटतं. मॅडमचा आवाज तोच आहे, पण फळ्यावरचे मराठी शब्द गायब, आणि सुरू होतात याद्या. एलवायवाले शब्द, त्यांचे अर्थ, एकेक वाक्य, पुढचा शब्द. दोन धडे नुसते तेच. यादी काय कुठेही मिळते हो, त्यासाठी व्हिडिओ कशाला? वाय चा आय होतो, हॅपी चं हॅपिली, पण ट्रू मधला ई जातो आणि ट्रूली होतं, बेसिक ला ॲली लागून बेसिकली पण पब्लिक चं पब्लिकली, एवढं एका कागदावर मावणारं आहे.

दहावा धडा मला पटलाच नाही. त्यात म्हटलंय की चांगलं लिहायचं असेल तर एलवायचे शब्द शोधा आणि खोडा. गोष्ट लिहिताना ठीक आहे, रॅन क्विकली ऐवजी स्प्रिंटेड चांगलं, मान्य. पण कोर्स घेणारे बहुतेक जण माझ्यासारखे ऑफिसचं लिहिणारे. "ही अलेजेडली टुक द मनी" यातलं अलेजेडली खोडून बघा. त्याच्यावर पैसे घेतल्याचा आरोप आहे, याचं त्याने पैसे घेतले असं होतं. एक शब्द गेला आणि तुम्ही एका माणसाला चोर ठरवलंत. तसंच ॲप्रॉक्सिमेटली, टेम्पररिली, पार्शली. खोडायचे ते व्हेरी, रिअली, आणि आपल्या सगळ्यांचे लाडके ॲक्चुअली आणि बेसिकली. हे शेवटचं मात्र त्यांनी छान करून घेतलंय, दोन मिनिटं स्वतःच्या कामाबद्दल बोलून रेकॉर्ड करा आणि मोजा. माझे ॲक्चुअली चौदा निघाले. चौदा! त्यातल्या एकाचीही गरज नव्हती, कारण ॲक्चुअली म्हणजे "तुम्हाला वाटतं तसं नाही, खरं असं आहे", आणि मी ते नुसतं श्वास घ्यायला वापरत होते. आता ठरवून थांबते, रिकामा क्षण चालतो.

सगळ्यात जास्त राग आला तो शेवटच्या चाचणीचा. सडनली हा शब्द "ही स्टूड अप" मध्ये बसवा असा प्रश्न, मी सगळ्यात पुढे ठेवला, "सडनली ही स्टूड अप", आणि लाल फुली. त्यांच्या मते फक्त "ही सडनली स्टूड अप" बरोबर. सहाव्या धड्यात यांनीच शिकवलं की असे शब्द तिन्ही जागी बसू शकतात आणि फक्त भर कशावर ते बदलतं! असे चार प्रश्न मला सापडले. जो आत्मविश्वास सहा धड्यांनी दिला तो अशा फुल्यांनी जातो, नवीन शिकणाऱ्याला वाटणार आपलंच चुकलं. मी मेल केला, चारही प्रश्नांचे नंबर देऊन. आठवड्याने आठवण म्हणून लिहिलं, आय हॅव नॉट रिसीव्ड अ रिप्लाय येट. तीन आठवडे झाल्यावर लिहिलं, आय स्टिल हॅव नॉट रिसीव्ड अ रिप्लाय, आणि या वेळी स्टिल पूर्ण समजून घातलं. उत्तर दोन दिवसांत आलं, "नोंद घेतली" म्हणून, पण चाचणी आजही तशीच आहे.

होपफुलीचं पण तसंच, अकराव्या धड्यात ते "आशा आहे की" या अर्थाने वापरणं चूक म्हणून सांगितलंय. हा वाद जुना आहे, पण असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्थेने सुद्धा आपल्या लेखननियमांमध्ये २०१२ साली हा वापर मान्य केला. एवढ्या वर्षांनी नुसतं "चूक" म्हणून पुढे जाणं बरोबर नाही, निदान दोन्ही बाजू तरी सांगायच्या.

बारीकसारीक, आवाज स्वच्छ आहे, व्हिडिओ दहा-पंधरा मिनिटांचे त्यामुळे कंटाळा येत नाही, खालची अक्षरं मोबाइलवर फार छोटी दिसतात, चौकोनात शब्द टाकायचा सराव मोबाइलपेक्षा लॅपटॉपवर करा. बोलून दाखवलेलं तपासायला पलीकडे कोणी माणूस नाही, आपलं आपणच ऐकायचं.

ज्यांना व्याकरणाची व्याख्या येते पण मेल पाठवायच्या आधी तीनदा वाचावा लागतो त्यांनी बिनधास्त घ्या. अगदी सुरुवातीपासून इंग्लिश शिकणाऱ्यांनी थोडं थांबा, क्रियापदाचे काळ पक्के झाल्याशिवाय जागेचे धडे डोक्यावरून जातील. शाळेतल्या मुलांना एकट्याने बघायला देऊ नका, शेजारी बसा, माझ्या भाच्याला मी पहिले सात धडे दाखवले आणि आठ-नऊ सोडून दिले, दहाव्यातला फक्त ॲक्चुअली मोजायचा सराव करून घेतला. त्याचे नऊ निघाले. चाचणी त्याला दिलीच नाही, त्याऐवजी वहीत रोज एक मराठी वाक्य लिहून देते, अजून, परत, नुकताच, जेमतेम असा एखादा शब्द घालून, आणि तो त्याचं इंग्लिश करतो. काल "परत" दिला होता, परत ये आणि परत कर. कम बॅक आणि डू इट अगेन, दोन्ही बरोबर लिहिलं.